एक कॉलेज, एक वस्ताद, छप्पन्न वर्षे

श्रोतेहो, तालमीतल्या वस्तादाला महिन्याकाठी किती मिळते, हे आपल्याकडे कोणी विचारीत नाही. त्याचे पठ्ठे किती आणि त्यांतल्या कोणी कोणते मैदान मारले, हे विचारतात. वस्तादाची किंमत त्याच्या पठ्ठ्यांवरून ठरते. आज ज्या माणसाची हकीगत सांगायची आहे, तो असाच एक वस्ताद होता. फरक एवढाच की त्याची तालीम लाल मातीची नव्हती, फुटबॉलच्या मैदानाची होती. आणि ती सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या लुइझियाना राज्यात, ग्रॅम्ब्लिंग नावाच्या एका लहानशा गावी होती. त्या वस्तादाचे नाव एडी रॉबिन्सन.

या गृहस्थांनी १९४१ साली ग्रॅम्ब्लिंगच्या कॉलेजात नोकरी धरली आणि १९९७ साली सोडली. मधली छप्पन्न वर्षे त्यांनी दुसरे कॉलेज पाहिले नाही. या काळात त्यांच्या संघाने ४०८ सामने जिंकले, १६५ हरले आणि १५ बरोबरीत सोडवले. दोनशेहून अधिक मुले त्यांच्या हाताखाली तयार होऊन व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेली. आकडे मोठे आहेत खरे. पण नुसते आकडे सांगून भागणार नाही. हे सामने कोणत्या परिस्थितीत जिंकले गेले, हे समजल्याशिवाय त्या आकड्यांचे मोल कळायचे नाही.

आधी खेळाविषयी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा खेळ नव्हे. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो निराळाच खेळ आहे. त्यातला चेंडू गोल नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा असतो. तो पायाने क्वचित मारतात. बहुतेक वेळा हातात धरून पळतात किंवा दूर फेकतात. मैदान शंभर यार्ड लांब असते आणि प्रत्येक बाजूला अकरा गडी असतात. ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. असे सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. समोरचे गडी काही हात बांधून उभे नसतात. आपल्या कबड्डीत चढाईवर आलेल्याला पकडतात ना, तसे ते चेंडूवाल्याला धरून पाडतात. अंगावर जाड गाद्या आणि डोक्यावर कवचासारखी टोपी घालून हा खेळ खेळतात, यावरूनच त्याची धसमुसळ ध्यानात येईल.

या अकरा गड्यांत एक गडी सूत्रधार असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो कोणाला द्यायचा, कोठे फेकायचा, समोरच्यांची मांडणी पाहून ऐन वेळी बेत कसा बदलायचा, हे सारे त्याने ठरवायचे असते. थोडक्यात, बाकीचे दहा जण हातपाय असले तर हा डोके असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्यावरच सारी हकीगत फिरणार आहे.

आता परिस्थितीविषयी. आपल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती. परंतु कायदा कागदावर उतरला तरी माणसाच्या मनात उतरायला वेळ लागतो, हे आपल्याला का सांगायला हवे? दक्षिणेतल्या राज्यांनी लवकरच दुसरे कायदे केले. गोऱ्यांच्या शाळा निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या. आगगाडीचे डबे निराळे, पाणी पिण्याचे नळ निराळे. लुइझियानातल्या अशाच आगगाडीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली निकाल दिला, की सोयी निराळ्या असल्या तरी सारख्या असल्या म्हणजे झाले. निराळेपणा मात्र तंतोतंत पाळला गेला आणि सारखेपणा कोणी पाहिलाच नाही.

अशा काळात उत्तर लुइझियानातल्या काळ्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ठरवले की आपल्या मुलांसाठी आपणच शाळा काढायची. काळ्या समाजाचे थोर शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे त्यांनी मदत मागितली. वॉशिंग्टन यांनी आपल्या टस्कीगी येथील संस्थेतून चार्ल्स अ‍ॅडम्स नावाच्या तरुणाला पाठवले आणि १९०१ साली ती शाळा सुरू झाली. तीच पुढे ग्रॅम्ब्लिंगचे कॉलेज झाली. सुरुवातीला तिथे शेती, सुतारकाम, शिवणकाम अशी हातांना उपयोगी पडणारी विद्या शिकवीत. म्हणजे ज्या तालमीची गोष्ट आपण ऐकतो आहोत, तिचा पाया कोणा धनिकाने घातलेला नव्हता; शेतकऱ्यांनी घातला होता.

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ सालचा, लुइझियानातल्याच जॅक्सन या गावचा. वडील दुसऱ्याच्या जमिनीत अर्धेलीने कापूस पिकवीत आणि आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करी. पुढे हे कुटुंब पोटासाठी बॅटन रूज या राजधानीच्या शहरी आले. एडी तिसरीत असताना तिथल्या काळ्या मुलांच्या हायस्कूलचे शिक्षक ज्यूलिअस क्राफ्ट हे आपला फुटबॉलचा संघ घेऊन त्यांच्या शाळेत आले. इतर पोरे खेळाडूंचे कपडे आणि दंड पाहत राहिली. एडी मात्र त्या शिक्षकाकडे पाहत होता. एवढे दांडगे गडी या एका माणसाचा शब्द खाली पडू देत नाहीत, हे पाहून त्या पोराच्या मनाने तेव्हाच घेतले की आपण मोठेपणी खेळ शिकवणारा मास्तर व्हायचे. गावोगावच्या शिक्षकांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. आपण वर्गात काय शिकवतो याहून आपण कसे वागतो, हे मुले आधी पाहतात.

पण व्हायचे म्हणून लगेच होता येते थोडेच? बॅटन रूजमधल्या राज्याच्या मोठ्या विद्यापीठाचे दरवाजे काळ्या विद्यार्थ्यांना बंद होते. एडी लीलंड या काळ्यांच्या लहान कॉलेजात शिकले, तिथल्या संघाचे क्वार्टरबॅक झाले आणि पदवी घेऊन बाहेर पडले. पदवी घेतल्यावर मिळाले काय, तर पशुखाद्याच्या गिरणीत पोती उचलण्याचे काम. तासाला पंचवीस सेंट मजुरी. त्याच वर्षी, म्हणजे १९४१ साली, डोरिस या मैत्रिणीशी त्यांनी लग्न केले. आणि तेवढ्यात कळले की ग्रॅम्ब्लिंगला फुटबॉल शिकवणारा माणूस पाहिजे आहे.

त्या वेळी संस्थेचे नाव ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ असे लांबलचक होते. प्रमुख होते राल्फ वॉल्डो एमर्सन जोन्स. हे अध्यक्ष तर होतेच, शिवाय कॉलेजचा बेसबॉलचा संघही तेच शिकवीत. त्यांनी या बावीस वर्षांच्या पोराला पारखून घेतले आणि महिना ६३ डॉलर ७५ सेंट पगारावर नेमले. नुसता फुटबॉल शिकवायचा होता असे नाही. मैदानावरचे गवत कापायचे, चुन्याच्या रेषा आखायच्या, मुरगळलेल्या पायांना पट्ट्या बांधायच्या, आणि सामना झाला की वर्तमानपत्रांना त्याची हकीगतही स्वतःच लिहून पाठवायची. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेत मास्तरच घंटा वाजवतो, मास्तरच हजेरी घेतो आणि मास्तरच कुलूप लावतो. त्यातलाच हा प्रकार.

पहिल्या वर्षी संघाने आठांपैकी तीनच सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी, १९४२ साली, नऊ सामने झाले आणि नऊच्या नऊ जिंकले. एवढेच नव्हे, त्या नऊ सामन्यांत समोरच्या एकाही संघाला एकही गुण मिळवता आला नाही! पुढे दोन वर्षे महायुद्धामुळे कॉलेजचा संघच उभा राहू शकला नाही, तेव्हा रॉबिन्सन गावातल्या हायस्कूलच्या मुलांना शिकवीत राहिले.

याच सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगतात. कापूस वेचणीचे दिवस आले आणि दोन चांगल्या खेळाडूंच्या वडिलांनी पोरांना घरी बोलावून घेतले. शेतकऱ्याच्या घरी सुगीला दोन हात कमी पडले तर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. बापाचे काही चुकले नव्हते. दुसरा एखादा मास्तर चिडला असता, नाहीतर बापाला उपदेश करून परत आला असता. रॉबिन्सन यांनी सगळा संघच उचलला, त्या शेतावर नेला आणि साऱ्यांनी मिळून कापूस वेचून दिला. काम आटोपले, तशी ती दोन पोरे मैदानावर परत आली. अर्धेली शेतकऱ्याच्या मुलालाच हे सुचावे, दुसऱ्याला सुचणे कठीण.

बाहेरगावी सामन्याला जायचे म्हणजे आणखी एक अडचण असे. दक्षिणेतल्या रस्त्यांवरच्या खाणावळींत काळ्यांना बसू देत नसत. मग रॉबिन्सन पाव आणि बाकीचा जिन्नस विकत घेऊन गाडीतच मुलांच्या हाती देत. मुलांच्या पोटात वेळेवर अन्न पडले पाहिजे, हाही त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता. त्यांचा कटाक्ष अभ्यासावरही असे. रोज सकाळी सहाच्या सुमारास वसतिगृहाच्या सोप्यातून ते गाईच्या गळ्यातली घंटा वाजवीत फिरत, आणि कोणी अंथरुणात लोळत राहून तास बुडवणार नाही याची काळजी घेत. स्वतःही ते शिकायचे थांबले नाहीत. नोकरी सांभाळून १९५४ साली त्यांनी दूर उत्तरेकडच्या आयोवा विद्यापीठाची एम. ए.ची पदवी मिळवली.

आता त्या पठ्ठ्यांची गोष्ट. १९४९ साली पॉल यंगर नावाचा त्यांचा एक दणकट खेळाडू लॉस एंजेलिसच्या रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. काळ्यांच्या कॉलेजातून नॅशनल फुटबॉल लीगमध्ये गेलेला हा पहिला खेळाडू. निघताना रॉबिन्सन यांनी त्याला बजावले की तू हरलास तर ते म्हणतील, आम्ही त्यांच्यातला सगळ्यांत चांगला घेऊन पाहिला आणि तोही कुचकामी निघाला. मग तुझ्या मागच्यांना दार बंद होईल. केवढे हे ओझे एका विशीतल्या पोराच्या खांद्यावर! पण यंगर दहा हंगाम टिकला आणि दार उघडे राहिले. त्या दारातून पुढे विली डेव्हिस, विली ब्राउन, बक ब्युकॅनन, चार्ली जॉइनर असे एकाहून एक खेळाडू गेले. या चौघांची नावे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात कोरली गेली. बक ब्युकॅननला तर १९६३ साली अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत साऱ्या देशातून पहिला क्रमांक मिळाला.

हे सारे झाले, तरी एक जागा काळ्या खेळाडूला मिळत नव्हती. ती म्हणजे क्वार्टरबॅकची. धावायला काळा चालेल, धडक द्यायला चालेल, पण डोके चालवायला गोराच पाहिजे, असे कोणी लिहून ठेवले नव्हते; पण साऱ्यांच्या मनात ते पक्के बसले होते. काळ्यांच्या कॉलेजातला उत्तम क्वार्टरबॅक व्यावसायिक संघात गेला की त्याला सरळ दुसऱ्या जागी खेळायला लावीत. श्रोतेहो, हा भेद तुम्हाआम्हाला नवा नाही. राबण्याचा अधिकार सगळ्यांना, ठरवण्याचा अधिकार थोड्यांना, ही रीत जगाच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणी सापडते. फुटबॉलच्या मैदानावर ती उघड दिसत होती एवढेच.

रॉबिन्सन यांना हॉवर्ड कोसेल या नावाजलेल्या क्रीडावार्ताहराने एकदा विचारले, की व्यावसायिक संघात टिकेल असा काळा क्वार्टरबॅक तुम्ही तयार कराल का? रॉबिन्सन यांनी ते मनावर घेतले. जेम्स हॅरिस या उंच मुलाला त्यांनी हाताशी धरले. चेंडू लांब फेकायला तर शिकवलेच, पण मोठ्या संघांत वापरतात तसे डाव, तशा खुणा, इतकेच काय, वार्ताहरांशी बोलावे कसे हेही शिकवले. आणि १९६९ साली तो बफेलो बिल्स या संघाकडे निघाला तेव्हा त्याला सांगितले, की तुला जमले नाही तर मी काळा म्हणून जमू दिले नाही असे सांगत इकडे येऊ नकोस. ते तसे करणार, हे तुला आधीच ठाऊक आहे. शब्द कठोर आहेत. पण त्यांत तक्रारीला जागा नसली तरी अन्यायाची जाण पुरेपूर आहे. हॅरिसने त्याच वर्षी हंगामाचा पहिला सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला. पुढे रॅम्सकडून खेळताना, १९७४च्या हंगामाअखेर निवडक खेळाडूंचा जो सामना होतो, त्यात तो सर्वोत्कृष्ट ठरला.

त्यानंतर आला डग विल्यम्स. हाही लुइझियानाचाच, झॅकरी गावचा. १९७८ साली टँपा बेच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. दहा वर्षांनी, ३१ जानेवारी १९८८ रोजी, तो वॉशिंग्टनच्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून अंतिम सामन्यात उतरला. सुपर बोल नावाचा हा सामना पाहायला सारी अमेरिका घरात बसते. पहिल्या भागात डेन्व्हरच्या संघाने दहा गुण घेतले, आणि विल्यम्सचा गुडघा दुखावला. दुसऱ्या भागात तो लंगडत परत आला आणि त्या एका भागात वॉशिंग्टनने पस्तीस गुण केले! सामना ४२–१० असा जिंकला. सुपर बोलमध्ये प्रथमपासून खेळून तो जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक विल्यम्स ठरला आणि सामन्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. त्या दिवशी रॉबिन्सन तिथे हजर होते. १९३८ साली जो लुई या काळ्या मुष्टियोद्ध्याने जर्मनीच्या श्मेलिंगला पाडले, तेव्हा आम्हाला जे वाटले तेच आजच्या पोरांना वाटले असेल, अशा अर्थाचे ते विल्यम्सला बोलले.

आता या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका माणसाची स्तुती करताना बाकीच्यांचे म्हणणे गिळून टाकणे बरे नव्हे. १९६७ साली खुद्द ग्रॅम्ब्लिंगच्या विद्यार्थ्यांनीच निदर्शने केली. कॉलेजात खेळाचे स्तोम फार माजले आहे आणि विद्येकडे दुर्लक्ष होते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा होता. रॉबिन्सन मोर्चांत पुढे नव्हते. देशावर त्यांची श्रद्धा होती. अमेरिकेत कष्टाळू माणसाला वर यायला वाव आहे असे ते उघडपणे म्हणत, आणि काही तरुणांना ते मवाळ वाटत. कोणाचे बरोबर, याचा निकाल एका वाक्यात लागण्यासारखा नाही. मोर्चे निघाले नसते तर १९६४चा नागरी हक्कांचा कायदा झाला नसता, हे खरे. आणि कायद्याने दार उघडल्यावर आत जाऊन टिकणारी माणसे आधी कोणीतरी तयार करावी लागतात, हेही तितकेच खरे. विद्यार्थ्यांचा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. ज्या कॉलेजाचे नाव फुटबॉलमुळे देशभर झाले, तिथल्या ग्रंथालयाने आणि प्रयोगशाळेने आपल्यालाही तेवढेच मिळावे असे म्हटले, तर त्यात वावगे काय?

दुसरी गोष्ट आणखी विचार करण्यासारखी आहे. १९७०च्या सुमारास दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठेही काळ्या खेळाडूंना घेऊ लागली. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघाने, ज्यात काळे खेळाडू होते, अ‍ॅलाबामाच्या सगळ्या गोऱ्या संघाला त्यांच्याच मैदानावर ४२–२१ असे हरवले, आणि पुष्कळांचे डोळे उघडले. ही गोष्ट न्यायाची झाली, आनंदाची झाली. पण तिचा परिणाम काय झाला? जी मुले पूर्वी ग्रॅम्ब्लिंगलाच येणार, त्यांना आता मोठमोठी विद्यापीठे ओढून नेऊ लागली. रॉबिन्सन ज्या दिवसासाठी जन्मभर झटले, तो दिवस उगवला आणि त्यानेच त्यांची तालीम ओस पडू लागली. खेड्यातल्या शिक्षकाला हे दुःख चांगले ठाऊक असते. आपण शिकवलेला हुशार मुलगा शहरात जातो, जावाच, आणि गाव मात्र थोडे रिकामे होते.

तरीही रॉबिन्सन तिथेच राहिले. त्यांचा संघ १९६८ साली न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर साठ हजारांवर प्रेक्षकांपुढे खेळला. तो सामना ९–७ असा हरला. १९७६ साली तो जपानात टोकियोला जाऊन खेळला. १९७४पासून दर वर्षी नोव्हेंबरअखेरीस न्यू ऑर्लिन्सला ग्रॅम्ब्लिंग आणि सदर्न या दोन काळ्या विद्यापीठांचा सामना भरू लागला. त्याला येणारे लोक, वाजंत्री आणि खाणेपिणे पाहिले तर आपल्याकडची मोठी जत्राच आठवावी.

५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलस येथे ग्रॅम्ब्लिंगने प्रेअरी व्ह्यूच्या संघाला हरवले. हा रॉबिन्सन यांचा ३२४ वा विजय. त्याआधीचा उच्चांक ३२३ होता, आणि तो अ‍ॅलाबामाच्या बेअर ब्रायंट या नामवंत गोऱ्या प्रशिक्षकाच्या नावावर होता. पुढे १९९५ साली चारशेवा विजयही झाला. मागाहून आणखी दोघांनी ४०८ हा आकडा ओलांडला. लहान कॉलेजांच्या गटातल्या जॉन गॅग्लिआर्डी यांनी २००३ साली तो मागे टाकला, आणि पेन स्टेटचे जो पॅटर्नो २०११ साली ४०९ वर पोचले. उच्चांक हा मोडण्यासाठीच असतो.

शेवटची वर्षे मात्र सोपी गेली नाहीत. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, चांगले खेळाडू इतरत्र जात असलेले. १९९६ साली अकरांपैकी तीनच सामने जिंकता आले. आता थांबावे, असे संस्थेकडून सुचवण्यात आले. लोकांनी गिल्ला केला, की एवढ्या सेवेनंतर असा निरोप द्यायचा काय? तेव्हा आणखी एक हंगाम मिळाला. त्यातही तीनच विजय झाले. ज्या वस्तादाने कधीकाळी नऊ सामन्यांत एकही गुण दिला नव्हता, त्याने अखेरचा सामनाही गमावला. वेळीच थांबावे कसे, हे थोर माणसांनाही नेहमी साधत नाही, आणि त्यांना थांबा म्हणावे कसे, हे संस्थांनाही साधत नाही. १९९८ साली ती जागा घेतली ती कोणी? डग विल्यम्सने. वस्तादाचा पठ्ठाच तालमीत परत आला आणि पुढे २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षे त्याने आपल्या गटाचे अजिंक्यपद ग्रॅम्ब्लिंगला मिळवून दिले.

रॉबिन्सन यांना पुढे स्मृतिभ्रंशाच्या विकाराने गाठले. हजारो मुलांची नावे, गावे आणि घरची परिस्थिती तोंडपाठ असलेला हा माणूस शेवटी साऱ्याला पारखा झाला. ३ एप्रिल २००७ रोजी ग्रॅम्ब्लिंगच्या शेजारच्या रस्टन गावी ते वारले. वय अठ्ठ्याऐंशी. ज्या राजधानीतले राज्याचे विद्यापीठ त्यांच्या तरुणपणी त्यांना बंद होते, त्याच राजधानीच्या विधानभवनात त्यांचे पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आले. ग्रॅम्ब्लिंगच्या मैदानाला त्यांचे नाव आहे, आणि २०१० साली तिथे त्यांचे संग्रहालयही उघडले.

विजयांविषयी कोणी बोलू लागले की ते म्हणत, माझा खरा उच्चांक म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षे मी एकच नोकरी केली आणि एकाच बायकोशी संसार केला. यात विनोद आहे, पण नुसता विनोद नाही. जास्त पगाराच्या जागा, मोठी गावे यांचा मोह कोणाला नसतो? एका जागी पाय रोवून राहिल्याशिवाय बापानंतर मुलगा आणि मुलानंतर नातू एकाच मैदानावर शिकत नाही.

आणि खेळ शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांना ते एक गोष्ट सांगत. ती आपल्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने, मग तो गणित शिकवो, भाषा शिकवो की कवायत, मनात धरावी अशी आहे. ते म्हणत, समोरचा मुलगा उद्या तुमच्या मुलीचा नवरा व्हायचा आहे असे समजून त्याला शिकवा. विचार करून पहा. जावई करायचा तर नुसता दंडाने बळकट चालेल का? तो शिकलेला हवा, शब्दाचा पक्का हवा, सकाळी वेळेवर उठणारा हवा, संकटात घर सोडून न पळणारा हवा. मैदानावर दोनशे खेळाडू गाजले हे खरे. पण जी मुले मैदानावर गाजली नाहीत, पदवी घेऊन शिक्षक झाली, कारकून झाली, आपापल्या गावी घर करून राहिली, त्यांनाही या वस्तादाने त्याच मापाने मोजून घडवले होते. त्यांची गणती मात्र कोणत्याच तक्त्यात सापडायची नाही.